दिसतेय की मी तुम्हाला

छापखान्यात पुस्तकबांधणी करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे बाइंडरकाका म्हणत. माणूस कमालीचा सावकाश. खळ पुरती वाळल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही, ही तीस वर्षांची सवय अंगात इतकी मुरलेली, की साधी चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालत. बायकोसाठी फोन घ्यायचं ठरलं तेव्हा सलग तीन संध्याकाळी ते तिला घेऊन एकाच दुकानात गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, फोन घेताय की सोयरीक जमवताय?"

फोन घ्यायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिला रक्ताचा आजार निघाला होता. उपचार मोठ्या शहरातल्या इस्पितळात, चार-पाच महिन्यांचे. तिथं तिची धाकटी बहीण राहायची. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिनं निरोप धाडला होता, "ताईला माझ्याकडे पाठवा, मी बघते सगळं." काकांना बरोबर जाता येत नव्हतं. त्यांच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलेलं, कूस बदलायलाही माणूस लागे. मूलबाळ नव्हतं. दिवसा शेजारीण डोकावून जायची, बाकी सगळं काकांवरच. म्हणजे नवराबायकोच्या भेटी आता फोनवरच व्हायच्या होत्या. काकांकडे फोन होताच, तिच्यासाठी तेवढा घ्यायचा होता.

खिशाला झेपतील असे दोनच फोन निघाले. दुकानातली मुलगी मोठी सरळ. उगाच गोडगोड बोलणं नाही.

"हा घेतलात तर बॅटरी दोन दिवस बघायला नको," तिनं जाडजूड फोन पुढे केला. "आवाज खणखणीत, अक्षरं मोठी. पण कॅमेरा म्हणाल तर जेमतेम. चेहरा गुळगुळीत करून टाकतो, बारीकसारीक काही दिसत नाही. आणि मागून उजेड आला की माणूस नुसता काळा ठिपका."

"आणि तो?"

"त्याचा कॅमेरा छान आहे. पण दुपारपर्यंत मान टाकतो. सारखा चार्जिंगला लावावा लागेल."

काकांनी दोन्ही फोन हातात घेऊन पुस्तक पाहावं तसे पाहिले. पाठीवरून अंगठा फिरवला, कडा चाचपल्या, वजन तोललं. बायको चांगल्या कॅमेऱ्याच्या फोनकडे बघत होती.

"ह्यात मी तुम्हाला नीट दिसेन," ती हळूच म्हणाली.

"तुला काय बघायचंय? तीस वर्षं बघतोय." काकांचा विचार पक्का झाला होता. इस्पितळात खाटेपासून प्लग कुठे असेल कोण जाणे. आणि ही बाई मेली तरी कुणाला 'जरा एवढं लावून द्या' म्हणणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "बोलणं तुटता कामा नये. बॅटरीवालाच घेऊ."

"बरं," ती म्हणाली. "माझं बारीकसारीक नाही दिसलं तर बरंच आहे म्हणा."

ती गेली. पहिल्या दिवसापासून सहाची वेळ ठरली. छापखान्यातून आलं की काका हातपाय धुवायचे, वडिलांना उशीला टेकवून बसवायचे आणि फोन लावायचे. पलीकडे तिचा चेहरा उमटायचा, गोरापान, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. वडील तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "सूनबाईला हवा मानवली."

फोनही दिल्या शब्दाला जागला. एकदाही बोलणं तुटलं नाही. भाजीला काय केलंत, बाबांची पाठ पुसलीत का, माझी निळी चादर उन्हात घाला, असल्याच गोष्टी. पण त्या ऐकल्या की काकांना घास गोड लागे. दुसऱ्या महिन्यात ती डोक्याला रुमाल बांधून दिसली. "केस गेले," ती सहज म्हणाली. "येतील परत. तुमचे तर न आजारी पडताच गेले."

काका दर आठवड्याला विचारायचे, "दोन दिवस येऊन जाऊ का?"

"कशाला? बाबांना कोण बघेल? आणि दिसतेय की मी तुम्हाला."

दिसत होती खरी. तिसऱ्या महिन्यापासून ती खिडकीला पाठ करून बसायला लागली. चेहरा अंधारा यायचा, कडेनं तेवढा उजेड. काका म्हणायचे, "जरा इकडे वळ की." ती म्हणायची, "उन्हानं डोळे दुखतात हो." काकांनी फोनला दोन शिव्या घातल्या आणि विषय सोडून दिला. आवाज तर रोजचाच होता.

एका गुरुवारी भरदुपारी छापखान्यात फोन आला. धाकटीचा. काका एका जाड वहीची शिलाई करत होते, सुई अर्ध्यात होती.

"भावोजी, निघा."

"काय झालं? काल तर छान बोलली."

"तुम्ही निघा."

शेजारणीनं वडिलांची जबाबदारी घेतली आणि काका मिळेल त्या गाडीनं निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोहोचले. लांबलचक खोलीत दोन्ही बाजूंना खाटा होत्या. काका एकेक चेहरा बघत चालले. चौथ्या खाटेवर कुणी म्हातारी पडली होती. गालफडं बसलेली, कातडी हाडाला चिकटलेली, रंग मातीसारखा. काकांनी तिच्याकडे पाहिलं, हळहळले आणि पाचव्या खाटेकडे वळले.

मागून आवाज आला. "अहो."

तो आवाज त्यांनी परवा संध्याकाळीच ऐकला होता. ते वळले. खाटेच्या दांड्याला धरून उभे राहिले.

"इकडे. मी आहे," ती म्हणाली.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. हाताला काही वजनच नव्हतं.

"इतकं झालं, आणि मला कळलं नाही," ते म्हणाले.

"कळू दिलं नाही."

"मी वळ म्हणायचो, तेव्हा तू..."

"त्या पोरीनं सांगितलं नव्हतं का, मागून उजेड आला की काळा ठिपका?" ती हसली. हसताना तिला दम लागला. "मी ध्यानात ठेवलं. तुम्ही काय, बॅटरीतच गुंतला होतात."

"मी तो दुसरा घ्यायला हवा होता. तुला तोच आवडला होता. तो घेतला असता तर मला पहिल्या महिन्यातच..."

"तर मी नुसत्या आवाजावर बोलले असते. चित्र बंद करायचं बटण असतं. नर्सनं शिकवलंय मला." तिनं डोळे मिटले. "फोनला नावं ठेवू नका. रोज सहाला मी बरी असायचे. तुम्ही आला असता, असं तोंड करून खाटेशी बसला असता, तर ते पण गेलं असतं."

काकांनी तोंड सावरायचा प्रयत्न केला. ते जमेना तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि जिन्याच्या कठड्याला डोकं टेकून रडले.

त्यांना तिचे तीन दिवस मिळाले. त्यातला निम्मा वेळ ती झोपेतच होती. जागी असली की बाबांचं विचारी, चादरीचं विचारी. चौथ्या दिवशी सकाळी नर्स औषध घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं. काका उशाशीच बसले होते. त्यांना वाटलं होतं, डोळा लागलाय.

घरी परतल्यावर ते पुन्हा कामाला लागले. काम हातांच्या सवयीनं होत होतं. धाकटीचे फोन मात्र ते घेत नव्हते. मनात एकच गोष्ट घर करून होती. ही पोरगी चार महिने रोज बघत होती आणि तिनं एका शब्दानं कळवलं नाही.

महिन्याभरानं एका रविवारी धाकटी स्वतःच आली. ताईच्या कपड्यांची पिशवी आणि तो जाडजूड फोन घेऊन. काकांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, बोलले मात्र नाहीत. पिशवीतली लुगडी-साड्या न उलगडता तशाच कपाटात ठेवल्या. फोन टेबलावर राहिला.

शेवटी तीच म्हणाली, "भावोजी, शिव्या घाला. पण असे गप्प बसू नका."

"तुझ्याकडे चांगला फोन आहे," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "एक फोटो पाठवला असतास. एक."

"दोनदा पाठवायला घेतला होता," ती म्हणाली. "ताईनं शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं तर ते बाबांना टाकून येतील, आणि मग जन्मभर त्यांना तेच टोचेल. मी कुणाचं ऐकायचं होतं, तुम्हीच सांगा. मला अजून झोप लागत नाही."

काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी बांधलेले. चार महिने इस्पितळात जागणं, डबे नेणं, घरी येऊन हसरं तोंड ठेवणं, हे सगळं हिनं एकटीनं केलं होतं. आपण रोज सहाला फोन ठेवला की सुटत होतो.

"तू तरी कुठे पाठवणार होतीस," ते म्हणाले. "ती ऐकतेय होय कुणाचं."

धाकटी पदराला डोळे पुसत राहिली. मग काकांनी विचारलं, "आहेत का तुझ्याकडे? तिचे फोटो?"

"आहेत. उतार पडतोय का बघायला दर आठवड्याला काढायचे मी. पण ते बघवणार नाहीत तुम्हाला."

"दाखव. पहिल्यापासून."

ती नको नको म्हणत होती, पण त्यांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. तिनं फोन काढला. पहिल्या आठवड्यातली बायको त्यांच्या ओळखीची होती, केसांसकट. दुसऱ्यातली थोडी उतरलेली. तिसऱ्या फोटोत हातावर निळे डाग होते. काका प्रत्येक फोटोची तारीख विचारायचे, मग डोळे बारीक करून आठवायचे.

"हा मंगळवार. त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, आज अगदी टवटवीत दिसतेस."

आतून वडिलांनी हाक मारली, त्यांना चहा हवा होता. काका उठले, चहा केला, वडिलांना कपानं थोडा थोडा पाजला, त्यांचं तोंड पुसलं. बाहेर येऊन पुन्हा खुर्चीवर बसले आणि चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून डोळ्यांवर चढवला.

"हं," ते म्हणाले, "पुढचा."