दोन शिखरं

सिंदेवाहीकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या घरातली साधना चंद्रपुरात भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. समोरासमोर ठेवलेले दोन इवले आरसे आणि त्यांच्यामध्ये रंगाचा पातळ थर, एवढाच तिचा नमुना. त्यातून प्रकाश सोडला की संगणकावरच्या आलेखात एक शिखर दिसावं, असं तिचे मार्गदर्शक दिनेश सर म्हणत. दिसत होती दोन.

"आरसे खराब आहेत," सर म्हणाले. "उद्या तुझं काम तपासाले समिती येऊन राह्यली. एक शिखर पुसून टाक."

"नाई पुसत, सर."

"असलं मोठ्या प्रयोगशाळेत दिसते. आपल्या इथी नाई."

ते वाक्य तिला झोंबलं.

संध्याकाळी आईचा, गोकुळाबाईंचा फोन आला. साधनाने झालेलं सांगितलं. "सर सांगते तसं काऊन नाई करत?"

"आई, थरातले इलेक्ट्रॉन प्रकाश गिळते आन् परत सोडते. आरशांमुळं प्रकाश लवकर निसटत नाई. तेवढ्यात हे देणंघेणं इतक्यांदा होते, का दोघाईले वेगळं काढताच येत नाई. म्हणून दोन शिखरं. खरं हाय ते. कसं पुसू?"

गोकुळाबाई म्हणाल्या, "मंग नोको पुसू."

दुसऱ्या दिवशी सरांनी समितीला आरशांतला दोष सांगितला. साधना उठली. मधे थर नसलेली तशीच आरशांची जोडी तिने लावली. एकच शिखर. थर असलेली लावली. दोन. मग तिने नमुना हळूहळू तिरपा केला. शिखरं जवळ आली, पण एकमेकांना न ओलांडता परत दूर सरकली.

"प्रकाशाचा आणि थराचा संबंध नसता तर ओलांडून गेली असती," ती म्हणाली.

समितीतल्या नागपूरच्या मॅडम म्हणाल्या, "माझ्या यंत्रावर हेच दिसलं तर मानीन."

व्हरांड्यात सर म्हणाले, "दुसरा मार्गदर्शक पाह्य."

"पाह्यतो, सर." तिची मान खाली गेली नाही.

पुढच्या आठवड्यात ती नमुना कापसात गुंडाळून नागपूरला गेली. मॅडमच्या यंत्रावरही दोन शिखरं उमटली. मॅडमनी ती पुन्हा पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, "मी होईन तुझी मार्गदर्शक. ये इकडेच."

"मार्गदर्शक व्हा, मॅडम," साधना म्हणाली. "पण प्रयोग मी चंद्रपुरातच करीन."