शंभरपैकी शंभर

"आत्ता वर गेलास, तर आमची सगळ्यांची वाट लावशील," मुकादम म्हणाला.

सिलिंडरवाल्याने ऑक्सिजनच्या हातगाडीची मूठ सोडली नाही. त्याची बायको याच इस्पितळात नर्स होती. ज्या वॉर्डात ती ड्यूटी करायची, त्याच वॉर्डात कालपासून पडून होती. तिच्या मैत्रिणीने निरोप धाडला होता, येऊन जा, ती विचारतेय.

"दोन मिनिटं, मुकादम. नुसतं तोंड दाखवून येतो."

"जागा सोडली की गुण गेले. तुझ्या एकट्याचे नाही, अख्ख्या गटाचे."

साथ आल्यावर नव्या मॅनेजर मॅडमनी ही निष्ठेची मोजणी सुरू केली होती. ज्या गटाचे गुण सगळ्यांत कमी, तो गट पुढचा आठवडा तळघरात मृतदेह बांधायला. मागच्या खेपेला गेलेल्यांपैकी दोघांना त्यांच्याच सोबत्यांनी बांधलं होतं.

पैलवान पुढे आला. पैलवान म्हणजे गटातला सगळ्यांत किडकिडीत माणूस. त्याने हात जोडले. "घरी तान्हं पोर आहे रे माझं. वहिनींना कळेल. त्या स्वतः अंगात ताप असताना ड्यूटीवर आल्या होत्या ना, गुण जातील म्हणून?"

ते खरंच होतं. सिलिंडरवाल्याने गाडी मागे फिरवली. पाळी संपली की जाऊ, असं त्याने ठरवलं.

पाळी संपायच्या आधीच वरून फोन आला. मुकादमाने ऐकून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिलिंडरवाल्याला काही सांगावं लागलं नाही.

थोड्या वेळाने मॅडम उतरल्या. "फार वाईट झालं," त्या त्याला म्हणाल्या. मग बाकीच्यांकडे वळल्या. "बघा, याला म्हणतात निष्ठा. बायको वर असताना माणूस जागचा हलला नाही! तुमच्या गटाला शंभरपैकी शंभर. टाळ्या!"

हातमोज्यांतल्या टाळ्या फटफट वाजल्या. पैलवानही खाली बघत वाजवत होता.

"आता जाऊ का वर?" सिलिंडरवाल्याने विचारलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आता शेवटी कशाला गुण घालवता? असं करा, वर एक सिलिंडर मोकळा झालाय. तो आणायला जा. कामातच धरू."

वर खाट रिकामी होती. चादरही बदललेली.

"नेलं त्यांनी खाली," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही अडकलाय असं सांगितलं होतं मी तिला. म्हणाली, राहू दे, गटाचे गुण जातील."

खाटेशेजारी सिलिंडर उभा होता. त्याने सवयीने काट्याकडे पाहिलं. अर्धा भरलेला होता. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा धापा टाकत होता, त्याचा काटा शून्याला टेकला होता.

त्याने पाना काढला. बायकोचा सिलिंडर ओढत तिकडे नेला, जोडला, चावी फिरवली. म्हाताऱ्याचा श्वास संथ होईपर्यंत तो सिलिंडरवर हात ठेवून उभा राहिला.

मग मोकळी गाडी घेऊन खाली आला.