दीपमाला उर्फ पुनम

आज सही झाली नाही तर लातूरचा फ्लॅट हातचा गेला, एवढं एकच पुनमच्या डोक्यात सकाळपासून भणभणत होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, आणि घटस्फोट होऊन सहा महिने झालेले. भागवत आपला हक्क सोडायला तयार झाला, बँकेनं सगळं कर्ज तिच्या एकटीच्या पगारावर चढवायचं कबूल केलं. पण त्या मंजुरीची मुदत आज संपत होती. त्यात भागवतचं मन कधी फिरेल त्याचा नेम नाही. त्याचं मन म्हणजे आईच्या पदराला बांधलेलं, आणि आई बरोबर आली होती की!

सिंधुबाई लेकासोबत हिमायतनगरहून आल्या त्या निबंधक कार्यालयाच्या आवारात लिंबाखाली पुनमकडं पाठ करून बसल्या. "घर सोडून द्यायलंय येडं," एवढंच बोलल्या, तेही लिंबाच्या बुंध्याला.

दुपारी नंबर लागला. कारकुनानं कागद चाळले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"खरेदीखतात दीपमाला भागवत. आधारवर पुनम रामलिंग. ह्या दोन बाया एकच कशावरून?"

आता घ्या! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दीपमाला लिहिलं ते सासरनं. घर घेतलं ते त्याच नावानं. आणि ज्या दिवशी सासर सोडलं त्या दिवशी ह्या बाईनं काय करावं? शाळेची टीसी घेऊन थेट आधार केंद्र गाठलं आणि माहेरचं नाव लावून आली. प्रतिज्ञापत्र नाही, राजपत्र नाही. कोर्टाचा निकालसुद्धा पुनमच्याच नावाचा. पण राग आला की पुनमला दम कुठला!

"मी सांगतो ना, हीच हाय," भागवत म्हणाला.

"तुम्ही लिहून देणारे, तुमची साक्ष चालत नाही. नाव सासरी बदललं ना? मग सासरचं दुसरं कुणी आणा, बाहेर प्रतिज्ञापत्र करा. पाचला मी उठतो."

साडेतीन वाजले होते. साक्षीला आलेल्या, तिच्या नोकरीच्या लॅबमधल्या दोन मैत्रिणींना फक्त पुनमच माहीत. पुनमनं चार वेळा आत-बाहेर केलं, तीनदा घड्याळ पाहिलं आणि शेवटी लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई..."

"आता काम पडलं व्हय?"

"हाव. तुमच्याबिगर होत न्हाई." तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्या गप बसले तर अर्धं घर लेकाचंच ऱ्हाईल म्हण की."

"हाव. ऱ्हाईल."

सिंधुबाई चपलेनं माती उकरत राहिल्या. घड्याळ पुढं सरकत होतं. पुनमला वाटलं, आता ओरडावं. तेवढ्यात त्या गर्रकन वळल्या. डोळे लाल झालेले.

"नाव पुसलंस तवा इचारलंस का ग मला? बिनसलं तुझं नवऱ्याशी. म्या काय केल्तं? तुझ्या जावंचं नाव भटानं सांगितलं. तुझं म्या ठेवलं व्हतं."

पुनमला गलबलून आलं. सासर सोडल्यापासून दीड वर्ष ती समजत होती, म्हातारी घरासाठी धुमसतेय.

"चुकलं, आत्याबाई. रागात तुमचं ध्यानातच आलं न्हाई."

"न्हाईच यायचं," म्हणत सिंधुबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चल, किती वाजल्यात?"

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रतिज्ञापत्र टेबलावर पडलं.

"हिला ओळखता?" कारकुनानं विचारलं.

"वळखते की. हीच दीपमाला."

"नातं काय?"

"आता कायी न्हाई," भागवत पुटपुटला. कारकुनाचा पेन थांबला. पुनमचा जीव नुसता घड्याळात.

"सासू लिव्हा," सिंधुबाई म्हणाल्या.

"मावशी, घटस्फोट झालाय ना?"

"त्यो ह्या दोघांचा झालाय," असं म्हणून सिंधुबाईंनी अंगठा पुढं केला.

कारकुनानं सासू असं लिहिलं. भागवतनं सही केली, फ्लॅट पुनमचा झाला, आणि ती भर कार्यालयात हमसून हमसून रडली.