शहाण्या मुलीचं बारसं

आमची पोर भारी शहाणी. रडत नाही, जागवत नाही, लंगोटसुद्धा ओले करत नाही. बारशाला वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जमलेली प्रत्येक बाई हेच म्हणत होती आणि सासूबाई ऐटीत सांगत होत्या, "आमच्या घरातली मुलं अशीच!" म्हणजे मी नुसती हमाली केली.

पहिला आठवडा मात्र तिनं मला रडकुंडीला आणलं होतं. दूध पिताना नुसतं टोक तोंडात धरायची नि अशी ओढायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी छातीला टेकू द्या, मगच जवळ घ्या. सोडवताना खेचू नका, ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवा. करंगळी सरकवली, की चट् असा आवाज व्हायचा आणि पकड सुटायची. देवा, हिचं ओढणं थांबव, असं मी रोज म्हणायचे.

परवापासून दुखायचं थांबलं. "जमलं हो तुला!" सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. दोन घोट घ्यायची आणि झोपायची. झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही, हा त्यांचा हुकूम.

आज माझी नणंद सलोनी पाळण्यात वाकली, तिनं कानात नाव सांगितलं, "स्वराली." लगेच बायकांनी 'कुर्रर्र' करत सलोनीच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. घर दणाणलं. पोरीची पापणीही हलली नाही.

"किती गाढ झोपलीय बाई!" कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

मी तिला उचलून आत नेलं, छातीशी धरलं. तोंड उघडेना. ओठांवर दूध पिळलं, ते गालावरून ओघळलं. मीच तोंडात दिलं, थांबले आणि करंगळी सरकवली. आवाज झाला नाही. सोडवायला पकडच नव्हती. जीभ कोरडी, डोक्यावरची टाळू खोल गेलेली.

"सलिल, रिक्षा बोलाव!" मी नवऱ्याला ओरडले.

"अगं, ओटी भरायची राहिलीय," सासूबाई दारात आल्या.

"घाला ती चुलीत!"

आता रिक्षा कर्वेनगरच्या सिग्नलला अडकलीय. सलिल खाली उतरून गाड्यांना हात करतोय. माझी करंगळी तिच्या तोंडात आहे.

"स्वराली, ओढ गं. दुखव मला. हवं तेवढं दुखव."

सिग्नल सुटला. बोट ती अजून ओढत नाहीये.