दारियोचा गरम काढा

मी फ्रिज बोलतोय. आधी थोडा गुरगुरेन, पण ऐकून घ्या. माझ्यावर खोटा आळ आला होता.

सांता फे शहरातल्या या घरात मी नेलिदाच्या लग्नात आलो, तिच्या वडिलांनी दिला म्हणून. इथल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मी तिचं लोणी कधी पाघळू दिलं नाही. पुढे दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. वाईट वाटलं.

पडवीत भीती एकच. दर शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीतून जातो आणि भोंगा ओरडतो, "जुने फ्रिज, जुन्या शेगड्या, जुन्या बॅटऱ्या घेतोऽऽ!" यादीत आपलं नाव पहिलं ऐकून काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

म्हणून नेलिदाच्या नवऱ्याने, दारियोने, मला घरच्या बिअरच्या कामाला जुंपलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याने बजावलं, अठरा अंश. जन्मभर थंड करण्यात गेलेल्याला आता "फार थंड नको" म्हणे! कारण काय, तर बिअर करणारं यीस्ट फार नाजूक. गारठलं की झोपतं, भाजलं की मरतं. दारियो त्याची विचारपूस करायला सारखं माझं दार उघडायचा. नेलिदाला ताप आला, तेव्हा घरातला थर्मामीटर कुठे होता? बिअरच्या पिंपात.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार, तेव्हा दारियोने गल्लीभर दवंडी पिटली, "पाहुण्यांना बिअर माझ्या हातची!" रविवारी त्याने पडवीत मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, काढा उकळला. तो गार होऊ द्यायचा आणि मगच यीस्ट घालायचं, एवढं त्याला पाठ होतं. पण टीव्हीवर फुटबॉलचा सामना सुरू होत होता आणि नेलिदाचा भाऊ तितो आतून बोंबलत होता, "दाजी, या लवकर! खेळाडू उतरले मैदानात!"

दारियो पातेल्यावर वाकला. वाफेने चष्मा धुरकटला. त्याने तो शर्टाला पुसला, काढा पिंपात ओतला आणि वरून यीस्ट भुरभुरवलं.

"होईल आत गार. फ्रिज कशाला आहे?" असं म्हणून कढत पिंप माझ्या पोटात ढकलून तो पळाला. मी जीव तोडून धडधडलो, पण यीस्ट तोवर गेलं होतं.

शनिवारपर्यंत एक बुडबुडा येईल तर शपथ. तितोने चव घेतली आणि थुंकला.

"दाजी, ही बिअर आहे की पाव भिजवलेलं पाणी?"

"या डबड्याने घात केला!" दारियोने मला लाथ घातली. "पंचवीस वर्षांचं धूड! थंडच करत नाही!"

तेवढ्यात भोंगा वाजला.

"ओ भंगारवाले, थांबा!" दारियो धावला. त्याने आणि तितोने मला फाटकापर्यंत ओढत नेलं. संपलं, म्हटलं. लाज वाटायला हवी होती, पण मला रडू आलं. लोक त्याला गळती म्हणतात.

नेलिदा पीठ माखल्या हातांनी बाहेर आली.

"फ्रिज जायचा नाही."

"अगं, बिघडलाय तो!"

"बिघडलाय? रविवारी वाफेने तुझा चष्मा धुरकटला, तो मी खिडकीतून बघितला. मांस करपलं की कोळसा वाईट, गाडी आपटली की झाड वाईट. आता हा सापडला! भंगारवाले भाऊ, ते पातेलं घेऊन जा."

पातेलं गेलं. मी पडवीत परतलो.

समारंभाला दारियोने दुकानातून बिअर आणली, आपल्या नावाच्या बाटल्यांत भरली आणि माझ्यातच गार केली. पाहुणे "वा, वा!" करत होते. माझ्या दारावर हात ठेवून तो सांगत होता, "सगळी मेख तापमानात असते." नेलिदा गालात हसली. मी गप्प राहिलो, तुम्हीही राहा. फक्त काढा गार होईपर्यंत थांबवत नसेल, तर बिचाऱ्या फ्रिजला शिव्या देऊ नका.

हल्ली शनिवारी भोंगा वाजला की मी थरथरत नाही. नेलिदा स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारते, "दारियो, जुनं काही द्यायचंय का रे?" आणि पडवीत थरथरणारा दुसराच असतो.