राखेवरची थुंकी

सास्तूरच्या चन्नम्मानं त्या पौषात सकाळी राखेनं दात घासून चूळ टाकली, ती लाल पडली. निजामाच्या राज्यातलं, लढाईच्या दिवसांतलं ते वर्ष. पावसानं दगा दिला होता, होता तेवढा जोंधळा सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेला होता आणि विहिरी आटल्यामुळं गावात भाजीचं पान औषधालाही उरलं नव्हतं. घरोघरी कोरडी भाकरी अन् मीठ-मिरची. चन्नम्माच्या हिरड्या वांग्यासारख्या सुजल्या. घास तोडला की भाकरीवर रक्ताचा ठसा उठायचा.

ती चूळ बघून सासू मल्लम्मा दाराला टेकून खालीच बसली. तिचा थोरला लेक क्षयानं गेला होता. त्याची थुंकी अशीच पडायची. वैद्य महांतप्पानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, छाती पोखरलीय. आंबट बंद, पालेभाजी बंद, लेकरू जवळ द्यायचं नाही. थोरली जाऊ महादेवी पुटपुटली, पाला आहेच कुठं बंद करायला. पण कुणी हसलं नाही.

दोन वर्षांचा शांतलिंग अंगावरून तोडून विधवा महादेवीच्या ओटीत गेला आणि चन्नम्मा शेतातल्या गवताच्या कोपीत. नवरा बंडप्पा बांधावर भाकरी ठेवायचा. ती लांबूनच विचारायची, शांतू काय करतोय? खेळतोय, म्हणून तो पाठ फिरवायचा.

फाल्गुनात दात हलायला लागले. एक दिवस भिजवलेल्या भाकरीतच दात अडकून आला. मग एकामागं एक पुढचे सगळे गेले. तिनं ते बांधाखाली पुरले. आपल्याला क्षयच झालाय, हे आता तिलाही पटलं होतं. मरण्याआधी एकदा लेकराला कडेवर घ्यावं, एवढ्यासाठीच जीव अडकला होता.

चैत्रात बांधावरच्या चिंचेला कोवळा पाला फुटला. बघूनच तोंडाला पाणी सुटलं. आंबट म्हणजे आपल्याला वीख, म्हणून काही दिवस ती झाडाकडं पाठ करून बसली. मग म्हणाली, मरायचंच आहे तर चव घेऊन मरू. मूठभर ओरबाडून खाल्ला. हिरड्यांची आग झाली, डोळे भरून आले, पण मरण काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत खाल्ला, मग रोजच. वैशाख सरता सरता हिरड्यांची सूज बसली, चूळ पांढरी पडायला लागली. गेलेले दात मात्र गेलेच.

पदरात पाला बांधून ती घरी आली. अंगणातल्या राखेच्या ढिगावर सासूसमोर थुंकली.

"बघा आत्याबाई. रगत न्हाय. छाती पोखरली असती तर म्या जिती असते व्हय?"

मल्लम्मा ओठ घट्ट मिटून उभी राहिली. चन्नम्माला वाटलं, रागच आहे. ती सोप्याकडं वळली. शांतलिंग महादेवीच्या मांडीवर होता. हात पसरून ती हसली आणि ते बोळकं तोंड बघून लेकरू घाबरलं, महादेवीच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागलं. रडताना त्याचं तोंड उघडलं. हिरड्या काळ्यानिळ्या फुगलेल्या, दातांच्या मुळाशी रक्त.

हे कधीपासनं, म्हणून चन्नम्मानं विचारलं.

"होळीपासनं," महादेवी म्हणाली. "समद्यांचंच तसं हाय. आत्याबाईंचं बी."

"मग थुंकता कुठं?"

"गिळतो. तुजं काय केलं ते बघितलं न्हवं का आमी."

मल्लम्मानं तोंडाला पदर लावला.

चन्नम्मानं पदराची गाठ सोडली. कोवळा पाला बघताच म्हातारीचा हात सवयीनं आडवा आला. "आंबट हाय गं ते," ती म्हणाली. पण हात तसाच अधांतरी राहिला.

चन्नम्मा लेकराच्या जवळ गेली नाही. पाला तिनं महादेवीच्या पुढ्यात सारला.

"तुम्हीच भरवा, अक्का. माज्या हातनं त्यो खायचा न्हाय."