'जातं'च्या जागी 'काढलं'

आमच्या वार्ताहराकडून

'गावखबर' नगरला छापून शनिवारी सकाळच्या एसटीनं काष्टीला यायचं, आणि शनिवारी काष्टीचा बाजार. म्हणजे बातम्या आणि बैल गावात एकाच दिवशी उतरायचे. चार पानांचं साप्ताहिक. त्यात काष्टीचं काही असलं, की वर बारीक अक्षरांत 'आमच्या वार्ताहराकडून' असं असायचं. हा वार्ताहर म्हणजे प्राथमिक शाळेचे गहिनीनाथ गुरुजी, आणि गुरुजी म्हणजे चांगुणाचा पाठचा भाऊ.

त्याला तिनं कडेवर वागवलं होतं. तो पाटीवर गिरवायचा तेव्हा ती चुलीपुढच्या राखेत बोटानं तीच अक्षरं गिरवायची. ती शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण सासरच्या आळीत वाचता येणारी बाई तेवढी एकच, म्हणून पुडीचा कागद असो नाहीतर मुंबईचं पत्र, आळी तिच्याकडे यायची. पुढं भावाची बदली तिच्याच गावात झाली, तेव्हा तिला माहेर दारात चालून आल्यासारखं वाटलं होतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर त्यानंच सांगितलं होतं, "आक्का, लूप बसवून घे. पेपरात आलंय. रेडिओवर रोज सांगत्यात. काडीचा धोका न्हाई."

पेपरात आलंय म्हटल्यावर तिनं पुढं काही विचारलं नाही. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण बघत ती आत गेली आणि अर्ध्या तासात पायी घरी आली.

ही सत्तरच्या दिवाळीतली गोष्ट. एकाहत्तरच्या पावसाळ्यापर्यंत तिचे महिन्याचे चार दिवस आठ झाले, आठाचे पंधरा.

सासूला, गोजरबाईला, दुखण्यापेक्षा विटाळाची काळजी. "हिचा कावळा उठंचना," ती ओसरीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायची. "देवाला पानी घालायला आता मानूस ठिवावं का?"

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, होतं सुरवातीला. चांगुणानं विचारलं, सुरवात किती दिवस असते? नर्सबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली.


सांगितल्याप्रमाणे

विहिरीवर कळलं, की आपण एकटी नाही. राहीबाईचं तेच. बनुबाईचं तेच, वर तिला चक्कर यायची. आणखी दोघींनी नावं सांगू नको म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ती वस्तू त्याच दवाखान्यात बसवून घेतलेली. लूप हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'ती वस्तू' म्हणत. काढून द्या म्हणायला गेलं, की नर्सबाई म्हणायच्या, पेपरात कुठं काय वाईट आलंय का? उगं अफवा पसरवू नका.

मग चांगुणाच्या डोक्यात आलं, की पेपरात आलं तर? पेपरवाला तर आपल्या पाठचा आहे.

रविवारी तिनं त्याला जेवायला बोलावलं. त्याची बायको माहेरी गेलेली. ताटात दुसरी भाकरी टाकताना ती बोलली. भावाशी बोलायचं बोलणं नव्हतं ते. तरी भाकरीकडे बघत तिनं सगळं सांगितलं.

"पाच जनी हाओत आमी. त्या वस्तूपासनं अंगावर जातं. थांबत न्हाई. एवढंच लिही. नावं नको लिहू."

गहिनीनाथ कानापर्यंत लाल झाला. "आक्का, ह्ये असलं पेपरात..."

"का? बैलाला लाळ्या झाला तर येतं की पेपरात."

तो हसला. मग खिशातून पेन काढून तळहातावरच दोन शब्द टिपून घेतले. लहानपणची खोड. तिला ते बघून लई बरं वाटलं.

"मंगळवारच्या एसटीनं धाडतो मजकूर," तो म्हणाला.

त्या आठवड्यात तिनं धाकट्या जावेला पक्कं सांगून ठेवलं. धाकटी जाऊ लंकाबाई, तीन लेकरांची आई, अंगानं चिपाड. पुढच्या महिन्यात तालुक्याला लूपचं शिबिर होतं, दवाखान्याची जीप बायकांना न्यायला गावात येणार होती, आणि यादीत लंकाचं नाव होतं. तिला पोर आता नको होतं. ते तर चांगुणालाही पटत होतं. पण ही वस्तू लंकाच्या अंगाला सोसणार नाही, हे तिला स्वतःच्या अंगावरून कळत होतं.

"बाई, मी काय करू मग?" लंकानं विचारलं.

"पेपरात येऊ दे. मग ठरव. माझं न्हाई, पेपरचं ऐक."

असं ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं.


छापून आल्याप्रमाणे

शनिवारी पाची जणी चांगुणाच्या ओसरीवर. लंका पोराला पाजत उंबऱ्यात. गोजरबाई मुद्दाम पाठ करून, कान इकडे. चांगुणानं अंक उघडला. तिसऱ्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली:

'काष्टी (आमच्या वार्ताहराकडून): लूपविषयी काही ठिकाणी गैरसमज पसरले आहेत. येथील एका भगिनीने आमच्या वार्ताहरास सांगितले की, लूप बसवल्यापासून पाच भगिनींनी किरकोळ दुखणे अंगावर काढले. वेळीच दवाखान्यात गेल्यास कोणताही धोका नाही, असे'

चांगुणा 'असे'वर थांबली.

"फुडं?" राहीबाई म्हणाली.

"असे तज्ज्ञांचे मत आहे."

"ते कोन?"

बनुबाईनं हळूच विचारलं, "अंगावर काढलं म्हंजी आमीच का गं? आमीच दवाखान्यात गेलो न्हाई, असं?"

"तसंच झालं."

"आगं, तीन येळा गेल्ते की मी."

चांगुणानं तीच ओळ परत वाचली. अक्षर अन् अक्षर लावून वाचली, कानामात्रा तपासला, जसं काही बोट ठेवलं तर शब्द लाजून बदलेल. 'अंगावर' होतं. तिचंच होतं. पुढचं मात्र कुणाचं होतं ते कळेना. जातं म्हणजे आपल्याला होतंय. काढलं म्हणजे आपणच केलंय. एका शब्दात रोग दवाखान्यातून उठून त्यांच्या ओसरीवर येऊन बसला होता.

राहीबाई उठली, पदर झटकला. "तुझ्या भावाला म्हनावं, बैलाचंच लिहीत जा."

आणि लंका? उंबऱ्यातून लंका म्हणाली, "म्हंजी बाई, येळेवर गेलं की काय भ्या न्हाई. व्हय ना?"


खुलासा

गहिनीनाथ शाळेच्या पायरीवर भेटला. विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं, की अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची चूक. नगरच्या छापखान्यात अंधार असतो. आपण लिहितो एक, तो जुळवतो दुसरं.

"आन् ते तज्ज्ञ?"

"संपादकांनी घातलं आसंल. त्यांना घालावंच लागतं."

"आता मग?"

"शुद्धिपत्र धाडतो की. फुडच्या अंकात. चुकलं तर छापावं लागतं त्यांना, नेमच हाय तसा."

तिनं मान हलवली. छापखाना तिनं पाहिला नव्हता. अंधारात एक माणूस खोक्यातून अक्षरं काढतोय, 'जातं'ला हात घालतो आणि 'काढलं' हाती येतं, असं तिनं मनाशी बघितलं. त्या माणसाचा तिला रागसुद्धा आला नाही.

आठवडाभर ती ज्याला त्याला सांगत राहिली, छापखान्याची चूक हाय, शनिवारी दुरुस्ती येनार. नर्सबाई मात्र त्या आठवड्यात घरोघर गेल्या तेव्हा हातात 'गावखबर'चं तिसरं पान होतं. घडी घातलेलं. बघा, तुमच्याच गावची बाई काय सांगते. लंकाच्या दारात त्या बराच वेळ बसल्या.


शुद्धिपत्र

'गेल्या अंकातील काष्टी बैलबाजाराच्या बातमीत खिलार खोंडाचे वय चार वर्षे छापले गेले आहे. ते तीन वर्षे असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

एवढंच. खाली खताची जाहिरात.

चांगुणानं चारी पानं उलटीसुलटी पाहिली. मग अंक मांडीवर ठेवून ती बसून राहिली. खोंडाच्या एका वर्षाची दिलगिरी आली होती. म्हणजे चूक झाली तर खरंच छापतात. म्हणजे जिची दुरुस्ती आली नाही ती चूकच नव्हती.


स्थळप्रत

मंगळवारी सकाळी जीप येणार होती. त्याआधी ती भावाच्या खोलीवर गेली. बायको अजून माहेरीच होती, त्यामुळं सकाळची भाकरी बहिणीकडूनच जायची. तो आंघोळीला ओढ्याकडे गेलेला. फडक्यातली भाकरी ठेवायला तिनं टेबलावरची वही उचलली.

गहिनीनाथ मजकूर पाठवताना खाली कार्बन लावायचा. वरचा कागद नगरला, खालचा वहीत. वर ठसठशीत 'स्थळप्रत'. त्याला ह्या नेटकेपणाचा अभिमान होता, आणि तिलाही.

निळसर अक्षरं. राखेत गिरवताना तिनं ज्यांची नक्कल केली होती तीच वळणं. 'ल'ची शेपटी जराशी वर.

'लूप बसवल्यापासून पाच भगिनींच्या अंगावर सतत जाते. थांबत नाही.'

त्यानं लिहिलं होतं. तिचं बोलणं, जसंच्या तसं.

त्यावर रेघ. 'च्या' खोडून वर 'नी'. 'सतत जाते' खोडून वर, त्याच हातानं, तीच शेपटी वळवून: 'किरकोळ दुखणे काढले'. 'किरकोळ दुखणे' हे 'अंगावर'च्या अलीकडे न्या, अशी बाणाची खूणसुद्धा होती. आणि खाली 'तज्ज्ञांचे मत' सगळं त्याचंच. संपादकाचं काही नव्हतं. अंधार नव्हता, खिळे नव्हते. कोणी माणूस नव्हता छापखान्यात.

वहीत आणखी एक कागद होता. शिक्षकानं द्यायच्या लूपच्या केसेस: बारा. भरलेल्या: अकरा. पहिलं नाव, गेल्या दिवाळीतलं, तिचं. अकरावं बनुबाईचं. बारावं पेन्सिलीनं, लंकाबाई.

तिनं स्थळप्रत फाडून कमरेला खोचली. भाकरी फडक्यासकट तिथंच ठेवली. ती परत न्यावी असं तिला वाटून गेलं. पण हात झाला नाही.


स्थळ: चावडीपुढं

जीपमध्ये नर्सबाईंच्या यादीतल्या चार बायका बसल्या होत्या. लंका पाचवी, मागच्या फळीवर, पोर घरी ठेवून आलेली. गहिनीनाथ पुढं, ड्रायव्हरशेजारी, ओल्या केसांनी, मांडीवर यादी. नर्सबाई घड्याळ बघत होत्या.

"लंके, उतर खाली," चांगुणा म्हणाली.

"बाई, तुमीच म्हनला हुता पेपरचं ऐक."

"पेपर खोटा हाय."

"छापलेलं खोटं?" लंका हसली. जरा घाबरून.

चांगुणानं कागद काढला. "ह्यो बघ. आधी खरं लिव्हलं, मग खोडलं."

लंकानं कागद घेतला, उलटा. मग सुलटा केला. तिला त्यात निळ्या मुंग्यांपलीकडं काय दिसणार? जीपमधल्या बायांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. नर्सबाईंनी बघायला हात पुढं केला आणि काय वाटलं कोण जाणे, मागं घेतला.

"गहिनी," चांगुणा म्हणाली, "खाली ये. ह्या बायांना वाचून दाखव. मी वाचलं तर खरं वाटायचं न्हाई. तुझंच अक्षर हाय."

तो उतरला. अगदी हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं, म्हणाला, "आक्का, बारा झाल्या न्हाईत तर बदली करून राजूरला टाकत्याल. डोंगरात. तुला चालंल का?"

"वाच."

त्यानं घसा साफ केला. शाळेत वाचतो त्या स्वरात वाचलं, "पाच भगिनींनी किरकोळ दुखणे अंगावर काढले."

चांगुणाला वाटलं, कोणी तरी पाठीमागून तिला उचलून राखेच्या ढिगात बसवलं. लिहिताना तो एकटा होता, भीती असेल, घाई असेल. इथं ती समोर होती. तरीही.

लंका फळीवरून वाकली होती. तिनं आपलं भेगाळलेलं बोट कागदावर ठेवलं, थेट रेघेवर.

"ह्ये तुमी वाचलं ते वरचं, गुर्जी. आन् ह्या रेघंच्या खाली काय हाय?"

गहिनीनाथनं यादी दुसऱ्या हातात घेतली.

"खाली बी लिव्हलंय की. मला वाचता येत न्हाई, पर रेघ मारलेली दिसती." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. "काईच न्हाई, तर मग खोडलं कशाला?"

त्यानं यादीची घडी घातली, उघडली, परत घातली.

लंका उतरली. पायात चप्पल सरकवून, काही न बोलता, चावडीच्या पायरीवर जाऊन बसली. चौघींतली एक तिच्यामागं उतरली. बाकी तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"चला, उशीर होतोय," नर्सबाई म्हणाल्या. "एक जागा रिकामी राहिली."

"दोन," ड्रायव्हर म्हणाला.

मग चांगुणानं लुगड्याचा काचा आवरला आणि ती जीपमध्ये चढली. लंकाच्या जागेवर बसली.

"आक्का, तुझी केस झालीय," गहिनीनाथ म्हणाला. "तुझं काय काम तितं?"

"मोठा डाक्टर यायचाय ना? त्याच्याकडं काम हाय." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "अंगावर काढलं म्हनून तूच छापलंस. आता अंगातनं काढायचं हाय."

जीप सुरू झाली. तो पुढं बसला, ती मागं. गाव संपेपर्यंत, पुढं ऊस संपेपर्यंत, त्याची ओली मान तिच्या समोर होती. लहानपणी ह्याच मानेवरचं पाणी ती पदरानं टिपायची. आज वाऱ्यानं ते आपोआप वाळत गेलं, आणि ती नुसती बघत बसली.